ओठ फाटला म्हणून सूर सापडत नाही

आज ऑफिसात दिवसभराचं प्रशिक्षण होतं. विषय 'संकटातून संधी'. जेवणानंतरच्या सत्रात बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी पडद्यावर एका जुन्या हॉलिवूडपटाचा तुकडा लावला आणि माझी झोप उडाली. 'द ग्लेन मिलर स्टोरी', १९५४चा, अमेरिकन बँडप्रमुख ग्लेन मिलरच्या आयुष्यावरचा. मिलर झालाय जेम्स स्ट्युअर्ट, त्याची बायको हेलन म्हणजे जून अ‍ॅलिसन. तालमीत ट्रंपेटवाल्याचा ओठ फाटतो, मुख्य चाल वाजवायला माणूसच उरत नाही, मिलर रात्र जागून सगळं बदलतो, ट्रंपेटच्या जागी क्लॅरिनेट घालतो आणि अमेरिकेला वेड लावणारा तो नाद जन्माला येतो. तुकडा संपला, दिवे लागले. "बघा, त्या दिवशी ओठ फाटला नसता तर ग्लेन मिलर घडलाच नसता!" टाळ्या.

मी नाही वाजवल्या. घरी येऊन जेवले, भांडी आवरली, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा.

माझे मामा कराडकडच्या एका बँड पथकात क्लॅरिनेट वाजवायचे. वराती, गणपती, उरूस, निवडून आलेल्यांच्या मिरवणुका. हा सिनेमा मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलाय. डीव्हीडी मी आणली होती, इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मी मधे मधे सांगत होते. ओठाचा प्रसंग आला, मी काय झालं ते सांगितलं. मामा म्हणाले, "परत लाव." परत लावलं. या वेळी त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, डोळे मिटून ऐकलं.

"वर क्लॅरनेट आहे. खाली सॅक्सोफोनवाल्यांत एक जण तीच चाल धरतोय, एक सप्तक खाली. बाकीचे मधे भरतायत. हे एका रात्रीत बसवलं म्हणतायत?"

"हो."

"खोटं आहे. ओठ फाटला म्हणून सूर सापडत नसतो पोरी. ओठ फाटला की त्या दिवसाचा रोज बुडतो."

ज्या माणसाने मिलरचं नाव त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं, त्याने एका ऐकण्यात त्या नादाची सगळी रचना उलगडून दाखवली. ती तशीच आहे. क्लॅरिनेट वर, टेनर सॅक्सोफोन तीच चाल घेऊन एक सप्तक खाली, उरलेले तीन सॅक्सोफोन मधल्या जागेत. पाच जणांचा एक श्वास. एकाचा श्वास अर्ध्या मात्रेने आधी तुटला तरी सगळं कोसळतं. आणि हे म्हणे संकटातून मिळालेलं बक्षीस!

आता खरं काय झालं ते सांगते. मिलर १९०४ साली आयोवातल्या क्लॅरिंडा गावी जन्मला. कोलोरॅडोत कॉलेजात गेला. ट्रॉम्बोन घेऊन बेन पोलॅकच्या बँडमध्ये शिरला, पुढे डॉर्सी बंधूंकडे वाजवलं, त्यांच्यासाठी मांडणी लिहिली, म्हणजे गाण्यात कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते. इंग्लंडहून आलेल्या रे नोबलसाठी १९३५मध्ये न्यूयॉर्कात बँड उभा करून दिला. म्हणजे दहाएक वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवत होता, दुसऱ्यांसाठी लिहीत होता. नोबलच्या बँडात पी वी अर्विन नावाचा ट्रंपेटवाला होता, त्याचा वरचा पल्ला मोठा. त्याच्यासाठी मिलरने सॅक्सोफोनांच्या डोक्यावर ट्रंपेट ठेवून लिहिलं. अर्विन गेला, नव्या माणसाला ते वरचे सूर झेपेनात, मग ती ओळ क्लॅरिनेटकडे आली, असं सांगतात. म्हणजे ट्रंपेटची जागा क्लॅरिनेटने घेतली एवढा धागा सिनेमात खरा आहे, चला, मानलं. पण तिथून तो नाद लोकांच्या कानी पडायला आणखी तीन-चार वर्षं गेली, आणि ती वर्षं म्हणजेच खरी गोष्ट.

त्याच काळात तो जोसेफ शिलिंगरकडे शिकायला जात होता. शिलिंगर म्हणजे गणिताने संगीत शिकवणारा गुरू, जॉर्ज गर्श्विनही त्याच्याकडे शिकलेला. बड्या बँडांत वाजवणारा, संसार असलेला, तिशी ओलांडलेला माणूस वही घेऊन गृहपाठ करत होता. 'मूनलाइट सेरेनेड' हा त्या वहीतला गृहपाठ. १९३७मध्ये स्वतःचा बँड काढला, तो चालला नाही, वर्ष सरता सरता मोडला. १९३८मध्ये पुन्हा जमवाजमव. बॉस्टनकडच्या नाचघरांचा मालक साय श्रिबमन पाठीशी उभा राहिला. विल्बर श्वार्ट्झ नावाचा तरुण पोरगा सापडला, ज्याच्या क्लॅरिनेटचा आवाज त्या जागी नेमका बसला. मग तालमी. मग १९३९च्या उन्हाळ्यात ग्लेन आयलंड कॅसिनो हे नाचघर, तिथून रेडिओवर थेट प्रक्षेपण, आणि मग एकदम सगळा देश.

यात ओठ कुठे फाटला?

मामांचा खालचा ओठ आतून कायमचा जाड झालेला होता. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडून घ्यावा लागतो आणि त्यावर पत्तीचा दाब येतो. लग्नसराईत सकाळी एक लग्न, संध्याकाळी दुसरी वरात, मधे टेम्पोतून प्रवास. दात ओठात रुतायचे. सिगारेटच्या पाकिटातला कागद घडी करून ते खालच्या दातांवर ठेवायचे आणि वाजवायचे. तो कागद संध्याकाळी काढला की लाल झालेला असे. यातून त्यांना कुठलीही संधी मिळाली नाही. मिळाली ती फक्त सकाळच्या रियाझाने, एकेका गाण्यासाठी मास्तरांपुढे तास तास उभं राहून. कष्ट दाखवायला वेळ लागतो, ते बघायला कंटाळवाणे असतात, म्हणून सगळ्यांना अपघात आवडतो. प्रशिक्षकांना तर फारच. कारण अपघाताला पगार द्यावा लागत नाही. कामाला द्यावा लागतो.

हो, दोन तासांच्या सिनेमात शिलिंगरची गणितं दाखवली असती तर प्रेक्षक उठून गेले असते. कळतं मला.

पण राग नुसता त्या प्रसंगाचा नाही. जितका विचार करतेय तितका सिनेमाचाच राग येतोय. दिग्दर्शक अँथनी मान म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, स्ट्युअर्टला घेऊन त्याने जे वेस्टर्न केले ते आजही बघावेत. इथे मात्र त्यांनी काय केलंय? प्रत्येक गाण्यामागे एक घरगुती किस्सा चिकटवलाय. बायकोला मोत्यांची माळ, म्हणून 'अ स्ट्रिंग ऑफ पर्ल्स'. होणाऱ्या बायकोला फोन, म्हणून 'पेनसिल्व्हेनिया ६-५०००'. अहो, तो न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियाचा नंबर. ते गाणं बांधलं जेरी ग्रेने. 'अ स्ट्रिंग ऑफ पर्ल्स'सुद्धा जेरी ग्रेचं. हा माणूस आधी आर्टी शॉच्या बँडमध्ये होता, तिथली गाजलेली 'बिगिन द बिगीन'ची मांडणी याचीच. तो मिलरकडे आला आणि या बँडची कितीतरी गाणी त्याच्या हातून गेली. सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटेल, मिलर बायकोवर प्रेम करायचा आणि त्यातून गाणी गळून पडायची.

माणसंच्या माणसं गायब आहेत. टेक्स बेनेके, रे एबर्ली, मॅरियन हटन, ज्यांचे आवाज ऐकून अमेरिकेने हा बँड ओळखला, त्यांच्या भूमिकाच नाहीत.

आणि काळ्या वादकांचं तर काय सांगावं. लुई आर्मस्ट्राँग सिनेमात आहे, स्वतः, साक्षात. त्याच्याबरोबर गोरा जीन क्रूपा ड्रमवर. लग्नाच्या रात्री मिलर नवरा-बायको हार्लेममधल्या क्लबात जातात आणि तिथे 'बेसिन स्ट्रीट ब्लूज' होतं. माझ्या मते अख्ख्या सिनेमातली सर्वांत जिवंत मिनिटं तीच. पण आर्मस्ट्राँग कुठे आहे? क्लबात. नवदांपत्याच्या मनोरंजनाला. त्यानंतर गोष्ट त्याला तिथेच सोडून पुढे जाते. जसं काही जॅझ नावाची गोष्ट गोऱ्या माणसांनी एका रात्री बाहेर जाऊन ऐकली आणि घरी आणली.

'टक्सिडो जंक्शन' सिनेमात वाजतं. हे अर्स्किन हॉकिन्सच्या बँडचं गाणं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमची पोरं होती ती, आणि टक्सिडो जंक्शन ही तिथल्या काळ्या वस्तीतली ट्रामच्या रुळांची चौफुली. आपल्या मोहल्ल्याचं गाणं त्यांनी १९३९मध्ये ध्वनिमुद्रित केलं. मिलरने ते पुढच्याच वर्षी केलं आणि जगाने ते मिलरचं मानलं. 'इन द मूड'वर नाव आहे जो गारलँडचं, तोही काळा वादक. त्यातली ती डोक्यात फिरत राहणारी चाल विंगी मनोनने १९३०मध्येच वाजवली होती. मिलरपर्यंत येईतो ती कितीतरी हातांतून गेली होती. मिलरने ती उत्तम कापली, छाटली, घासली, यात वाद नाही. त्याची कात्री जबरदस्त होती. पण कापड कुणाचं, हे सांगायला सिनेमाला काय झालं होतं?

मामांच्या पथकात एक म्हातारे मास्तर होते. नवं गाणं आलं की रेडिओला कान लावून ते अख्ख्या पथकाचं नोटेशन लिहायचे. क्लॅरिनेटला काय, ट्रंपेटला काय, युफोनियमने कुठे थांबायचं, साइड ड्रमने कुठे उचलायचं. गाडीवर रंगवलेलं नाव मालकाचं. वरातीत लोक ओरडायचे ते गायकाच्या नावाने, नाहीतर हिरोच्या. त्यामुळे मामांना सवय लागलेली. कुठलंही गाणं ऐकलं, रेडिओवर असो, लग्नात असो, की त्यांचा एकच प्रश्न असे. "बसवलं कुणी?" गायलं कुणी हे त्यांनी कधी विचारलं नाही, ते काय सगळ्यांना माहीत असतं.

हा प्रश्न आपल्याकडच्या माणसांनाही विचारायला हवा. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे काळे अमेरिकन वादक येऊन वाजवत होते आणि गोव्याची पोरं त्यांच्याबरोबर वाजवून शिकत होती. तिथून स्विंग, म्हणजे नाचायला लावणारं हे बँडांचं जॅझ, आपल्या सिनेमात शिरलं. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आपले अण्णा चितळकर, त्यांच्या 'अलबेला'वर आपण आजही नाचतो. १९५१ साल, मिलरवरच्या सिनेमाच्याही आधी. त्या वेळी अण्णांबरोबर चिक चॉकलेट होते, हळदोण्याचे, ट्रंपेटवाले. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. या लोकांनी आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीची गाणी लिहून काढली, बसवली. पाटीवर नाव आलंच तर सहायकांत, बारीक अक्षरांत. गोन्साल्विसांचं नाव घराघरांत गेलं ते प्यारेलालजींनी आपल्या गुरूची आठवण ठेवून गाण्यात घातलं म्हणून, आणि तरी लोकांना वाटतं ते फक्त अमिताभच्या पात्राचं नाव आहे.

असो. चहा करून आणला. जरा शांत झालेय.

कारण सिनेमा पूर्ण टाकून देण्यासारखा नाही, आणि तसं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशीही भांडेन. जेम्स स्ट्युअर्टसाठी तर नक्कीच. खरा मिलर कडक होता, अंतर ठेवून वागणारा, वादकांना धाक असलेला. त्याच्या हाताखालच्या कितीतरी जणांनी तसं सांगितलंय. स्ट्युअर्टने त्याला अडखळत बोलणारा, लाघवी, सज्जन माणूस केलंय. हे खरं नाही. माझं मत विचाराल तर तो नाद त्या कडकपणातूनच आला, पाच जणांचे श्वास प्रेमळपणे एकत्र येत नाहीत. पण स्ट्युअर्टच्या डोळ्यांत एक गोष्ट आहे, तो स्वतःचं काम ऐकत असताना. कपाळाला बारीक आठी, मान जराशी कललेली, समोर माणूस बोलतोय पण याचा कान दुसरीकडे. ट्रॉम्बोन त्याने वाजवलेला नाही, आवाज जो युकल नावाच्या वादकाचा आहे, स्ट्युअर्टने फक्त हात बसवलेत. तरी मामा म्हणाले, "हात बरोबर जातोय. शिकलाय माणूस." मामांकडून एवढं म्हणजे खूप.

आणि युद्ध. मिलर १९४२मध्ये अडतिसाव्या वर्षी फौजेत गेला. सक्तीने न्यावं असं त्याचं वय नव्हतं, बँड शिखरावर होता. 'चॅटनूगा चू चू'च्या बारा लाख प्रती खपल्याबद्दल त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याला सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी मिळालेली, अशी ती पहिलीच. सगळं सोडून गेला. इंग्लंडात सैनिकांसाठी वाजवत राहिला. १५ डिसेंबर १९४४ला बेडफर्डजवळच्या ट्विनवुड फार्मच्या धावपट्टीवरून एका इंजिनाच्या छोट्या नॉर्समन विमानात बसला, पॅरिसला बँडच्या आधी पोचायचं म्हणून. वैमानिक आणि आणखी एक अधिकारी, एवढेच बरोबर. इंग्लिश खाडीवर कुठेतरी विमान गेलं. आजतागायत सापडलेलं नाही. वय चाळीस.

ही भूमिका करणारा स्ट्युअर्ट स्वतः त्याच इंग्लंडातून बी-२४ बॉम्बर उडवत होता. वीस मोहिमा. त्या धावपट्ट्या, ते धुकं, परत न येणारी विमानं, हे त्याला संवादलेखकाकडून कळायची गरज नव्हती. शेवटी तो विमानाकडे जातो तेव्हा पडद्यावर काहीही विशेष घडत नाही, आणि मला तिथे बघवत नाही.

मग तो शेवट. हेलनला 'लिटल ब्राउन जग' हे जुनं गाणं आवडतं, मिलरला अजिबात नाही, सिनेमाभर यावरून दोघांची चेष्टा. मिलर बेपत्ता झाल्यावर नाताळच्या दिवशी पॅरिसहून कार्यक्रम लागतो, हेलन घरी रेडिओपाशी बसलेली, आणि बँड वाजवतो तेच गाणं. त्याने तिच्यासाठी गुपचूप बसवून ठेवलेलं. जून अ‍ॅलिसनचा चेहरा. मी तिथे दर वेळी रडते, आणि त्या रडण्याची मला लाज नाही.

मामांनीही चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे बसवलं कुणी?"

मला तेव्हा माहीत नव्हतं. शोधलं. 'लिटल ब्राउन जग' मिलरच्या बँडने १९३९मध्येच ध्वनिमुद्रित केलं होतं, विमान जायच्या पाच वर्षं आधी, आणि ते चांगलं गाजलं होतं. हेलनने ते रेडिओवर कितीदा ऐकलं असेल. मांडणी बिल फिनेगनची. तेव्हा नुकताच कामाला लागलेला, विशीतला मुलगा. गेलेल्या नवऱ्याची बायकोला शेवटची भेट म्हणून आपण ज्यावर रडतो, ते त्या मुलाचं काम आहे, आणि त्याचं नाव त्या शेवटात कुठेही नाही.

मामांना फोन करून सांगितलं. त्यांनी 'फिनेगन' हे नाव माझ्याकडून परत परत म्हणवून घेतलं आणि त्यांच्या गाण्यांच्या वहीत देवनागरीत लिहून ठेवलं. ओठाचा प्रसंग खोटा निघाला याचा त्यांना आनंद वगैरे झाला नाही. "ते ठाऊकच होतं," म्हणाले. नाव सापडलं याचा झाला.

सिनेमावाल्यांना तो खरा शेवटही हाताशी होता. मिलर बेपत्ता झाल्याची बातमी २४ डिसेंबरला जाहीर झाली. पॅरिसात बँड वाजवत राहिला, आणि मिलरच्या जागी काठी घेऊन उभा राहिला तो जेरी ग्रे. मांडणी लिहिणारा. जन्मभर मागे बसणारा माणूस त्या आठवड्यात पुढे येऊन उभा राहतो, कारण गाणी आतून त्याला माहीत आहेत. यापेक्षा मोठा प्रसंग कुठला हवा होता? मला तो सिनेमा बघायचाय.

संगीताच्या बाबतीत एक सांगते. सिनेमातली गाणी १९५३मध्ये नव्याने वाजवून घेतलेली आहेत. जोसेफ गर्शनसन आणि तरुण हेन्री मॅन्सिनी यांचं काम. मॅन्सिनी युद्धानंतर टेक्स बेनेकेच्या हाताखाली मिलरच्याच ऑर्केस्ट्रात होता, त्यामुळे चोख आहे, सिनेमाला ऑस्करही ध्वनिमुद्रणासाठीच मिळालं. पण ऐकायचंच असेल तर मूळ तबकड्या ऐका, सगळ्या आता फोनवर मिळतात. 'मूनलाइट सेरेनेड' १९३९चं घ्या, वरची क्लॅरिनेट विल्बर श्वार्ट्झची. 'इन द मूड'मध्ये दोन टेनर एकमेकांना उत्तरं देतात ते टेक्स बेनेके आणि अल क्लिंक, त्यानंतरचा ट्रंपेट क्लाइड हर्लीचा. 'टक्सिडो जंक्शन' आधी हॉकिन्सच्या बँडचं लावा आणि मगच मिलरचं. 'लिटल ब्राउन जग' हेडफोन लावून, कारण फिनेगनने खाली ब्रासला, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाल्यांना, जे काम दिलंय ते फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.